सुईघळीत चौघं, काठावर केरबा

पाटोद्याहून निघालो तेव्हा टमटमवाला म्हणाला,
तिथं काय आहे बघायला?
काही नाही, म्हणाला इंदल. म्हणूनच.

मोईनच्या दुकानातला पिवळा दोर,
बोअरच्या मोटारी उतरवायचा,
आज आम्हाला उतरवणार होता.
गाठ त्यानंच मारली, दातानं ओढून पाहिली,
साडेसात हॉर्सपॉवर पेलतो हा,
तुम्ही काय चीज आहात.

केरबा वरच थांबला.
गेल्या दिवाळीत छाती उघडून शिवलेली त्याची;
शर्टाच्या वरच्या गुंडीतून
टाक्यांची वाट अजून दिसते.
तुम्ही खालून चाला, मी काठाकाठानं येतो,
एवढंच बोलला, आणि टोपी फिरवून घातली.

आत गेलो तसा वैशाख बाहेर राहिला.
दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती.
मग एकच हात.
मग हात आवरून घ्यायचे.
काळा दगड, पाण्यानं घासून घासून
डोहातून उठलेल्या म्हशीच्या पाठीसारखा;
मध्येच गेरूचा एक पट्टा, कमरेएवढ्या उंचीवर.
दोन लाव्ह्यांच्या मधल्या सुट्टीतली माती,
असं सुलक्षणा म्हणाली, जी बँकेत
दिवसभर लोकांचे अंगठे तपासते.

वर, दोन पुरुष उंचीवर,
बाभळीचं खोड आडवं अडकलेलं,
त्याला लुगड्याची चिंधी, खताची गोणी,
एक लाल प्लास्टिकची चप्पल, डाव्या पायाची.
पाणी इथवर येतं, इंदल म्हणाला.
आम्ही माना वर केल्या
आणि कोरड्या जागेत उभं राहून
थोडा वेळ बुडून पाहिलं.

आभाळ म्हणजे वर नुसती फीत.
तिच्यात मधूनच केरबाचं डोकं यायचं,
वीतभर, कडेनं उन्हात जळलेलं.
काय दिसतंय रे?
आवाज आधी समोरच्या भिंतीला लागायचा,
मग खाली, मग आमच्या पाठीमागून यायचा,
जसा काही मागं पाचवा कुणी चालतोय.
दगड! मोईन ओरडायचा.
अन् आता?
दगडच बे!

जिथं घळ नेढ्याएवढी होते
तिथं मोईन अडकला.
पोट पुढं, पाठ मागं, तोंड आडवं,
ना आत ना बाहेर.
श्वास सोड, म्हणाला इंदल.
सोडला.
अजून सोड.
अजून नाहीये बे माझ्याकडं.
हसू आलं तसा आणखीच रुतला,
आणि मग हसणं संपलं.
सुलक्षणानं त्याचा हात धरला,
नुसता धरला, ओढला नाही.
बारीक आवाजात म्हणाला, अम्मीला सांगू नका.
तेवढ्या शब्दांत उरलीसुरली हवा गेली असावी,
कारण तो सुटला.

त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही
की वरून बराच वेळ कुणी काही विचारलं नव्हतं.
केरबा!
फीत रिकामी.
केरबा!
आमचाच आवाज आमच्याकडं, चारदा.
पारव्यांची फडफड.
इंदल तांड्यावरचा, पालीसारखा चढला.
आम्ही दोरावरून, गुडघे सोलत,
एकमेकांच्या खांद्यावर पाय देत.

टेंभुर्णीखाली झोपला होता.
टोपी तोंडावर, हात छातीवर,
टाक्यांच्या वाटेवर.
पोट खालीवर, खालीवर.
कुणी हाक मारली नाही.
बसलो आम्ही, ते खालीवर मोजत.

उठला तेव्हा प्रश्न तोच:
काय होतं आत?
मोईननं तोंड उघडलं, मिटलं.
सुलक्षणा म्हणाली, थंडी.
इंदलनं खिशात हात घातला.
तळातली ओली रेती आणली होती त्यानं मूठभर,
गार, म्हणून आणलेली.
दगडांना अंग घासत, उन्हात बसून राहत
ती कधीच तापून कोरडी झाली होती.
केरबानं तळहातावर घेतली,
गालाला लावली, डोळे मिटले.
हौ, म्हणाला,
गार आहे की.